अहमदाबादचा तीन दरवाजा: खरेदीच्या गर्दीत नीट बघता येतो का?

फोंडेकरीण

डिसेंबरच्या शेवटी अहमदाबादला लग्नाला जायचं आहे. कार्यालय पार बोपलकडे, नव्या बाजूला. पण लग्नाच्या आधीचा एक दिवस मी भांडून मोकळा ठेवलाय. सासूबाईंना भाचीसाठी चणियाचोळी आणि स्वतःला बांधणी घ्यायची आहे. ज्याला विचारावं तो सांगतो, तीन दरवाजाकडे जा. मला मात्र बाजारापेक्षा तो दरवाजाच बघायचा आहे. त्याच्यावर मराठ्यांच्या काळातला एक लेख कोरलेला आहे असं वाचलं, तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

आमच्या घरचे म्हणतात, "रस्त्यातली कमान ती, रिक्षातून दिसेल." हंपीसुद्धा यांनी अशीच बघितली होती, जेवणाच्या हॉटेलाच्या खिडकीतून.

तर कोणी तिथे निवांत फिरलेलं असेल तर सांगा. किती वाजता गेलं तर उभं राहून बघता येईल? तो लेख खरंच दिसतो का? सासूबाईंना मध्ये कुठे बसवता येईल? त्यांचे गुडघे अजब आहेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सकाळभर फिरतात, तेव्हा काही होत नाही. कुठे जुनं बांधकाम बघायला थांबलं की लगेच दुखायला लागतात.

जेवणाबद्दल सल्ला नको. नुस्त्याशिवाय, म्हणजे मासळीशिवाय, दिवस काढायचे म्हणून सासरे आत्ताच तोंड पाडून बसलेत, त्यात भर नको.

दिवाडकर

वेस बघायला अहमदाबाद कशाला? आमच्या फेरीबोटीतून जुन्या गोव्याला उतरा, थोडं चाललात की व्हाइसरॉयची कमान समोर. फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना त्याने १५९७ साली आपल्या पणजोबाच्या, वास्कोच्या, स्मरणार्थ उभारली. आज दिसते ती १९५४ साली पुन्हा बांधलेली. तिच्यातून आत गेलेली रुआ दिरैता म्हणजे त्या काळातला सगळ्यात मोठा बाजार. सराफ, रेशीम, अरबी घोडे, आणि लाज वाटते सांगायला, माणसंसुद्धा लिलावात विकली जायची. आता त्या रस्त्यावर लिंबूसोडा मिळाला तरी नशीब. गर्दी नाही, भाव करणं नाही, गुडघे सुरक्षित.

डिचोलीचा कारकून

दिवाडकरांची कमान मी जन्मभर बघत आलोय, तिचा मान आहेच. पण बाजार उठून गेल्यावर वेस एकटी पडते. तीन दरवाजाचं वेगळेपण हेच की ६०० वर्षं झाली तरी लोक अजून त्याच्याखालून पिशव्या घेऊन जातात.

माझी मुलगी तिथे पालडीला असते, त्यामुळे हिवाळ्यात आमचा मुक्काम तिकडे. ती दोघं कामावर गेली की मी बस पकडून लाल दरवाजाला उतरतो. फोंडेकरीणबाय, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, माणेकचौकाकडून येऊ नका. रिक्षावाले तिकडेच सोडतात आणि मग दरवाजा पाठीमागून, दुकानांच्या फळ्यांमधून दिसतो. भद्रच्या किल्ल्याकडून या. हा दरवाजा किल्ल्याकडून बघण्यासाठीच बांधलेला आहे. अहमदशहाने १४११ साली शहर वसवलं, भद्रचा किल्ला त्याचाच. किल्ल्यासमोर मोठं पटांगण होतं, मैदान शाह, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला या तीन कमानी. सुलतानाची स्वारी किल्ल्यातून निघायची, पटांगण ओलांडून मधल्या कमानीतून जायची आणि जामा मशिदीकडे वळायची. तुम्ही खरेदीला जाल तो हाच मार्ग, फक्त हत्तींच्या जागी हातगाड्या.

१६३८ साली मांडेल्स्लो नावाचा एक तरुण जर्मन इथे आला होता. पटांगणाची लांबी त्याने १६०० फूट लिहून ठेवली आहे, रुंदी तिच्या निम्मी, आणि कडेने ताडामाडांच्या रांगा, मधूनमधून लिंबू-संत्र्याची झाडं. (हाच गडी पुढच्या वर्षी आपल्या गोव्यातही येऊन गेला.) आज त्या पटांगणाचा जो तुकडा उरलाय तो २०१४ पासून पादचाऱ्यांसाठी ठेवलाय. पादचारी म्हणजे फेरीवालेसुद्धा आलेच. चपला, मोबाईलची कव्हरं, मुलांचे स्वेटर, प्लास्टिकच्या बादल्या. मला ते खटकत नाही. मोकळं फरसबंदी पटांगण छायाचित्रात बरं दिसतं, पण मग दिवाडकरांच्या कमानीसारखं होतं.

वेळ सकाळी नऊच्या आसपासची. दुकानं साडेदहा-अकराशिवाय नीट उघडत नाहीत. डिसेंबरात त्या वेळी ऊन कोवळं असतं, अंगावर काहीतरी गरम ठेवा, आपल्याकडची थंडी नव्हे ती.

भद्रच्या बुरुजावर घड्याळ आहे, ते आधी बघा. १८४९ साली ८००० रुपयांना लंडनहून आणलं आणि बसवलं १८७८ साली, बसवायचा खर्च आणखी २४३०. मधली २९ वर्षं ते कुठल्या कोठारात पडलं होतं देव जाणे. सरकारी कामाचा हा वेग वाचून मला आमच्या कोर्टाची आठवण येते आणि बरं वाटतं. शेजारची आझमखानाची सराई १६३७ सालची. या मोगल सुभेदाराला बांधकामाचं इतकं वेड की लोक त्याला उधई, म्हणजे वाळवी म्हणायचे. सराईच्या एका दालनात मराठ्यांच्या अमलात भद्रकालीचं देऊळ झालं. सासूबाईंना तिथे बसवा. देवीसमोर बसायला त्यांचे गुडघे हरकत घेणार नाहीत.

आता दरवाजा. कमानींची उंची सुमारे २५ फूट, म्हणजे फार नाही. मुंबईचं गेटवे डोक्यात धरून गेलात तर हिरमुसाल. मधली कमान १७ फूट रुंद, बाजूच्या दोन १३-१३ फुटांच्या. माणसं म्हणतात तीन कमानी, झालं. पण मधल्या खांबांच्या पुढच्या अंगाला जे आधार बाहेर काढलेत त्यांच्याकडे बघा. अहमदाबादच्या मशिदींमध्ये मिनारांच्या बुडाशी जशी थरांवर थर कोरणी असते, तीच इथे नगराच्या वेशीला केली आहे. खालून वर नजर नेत चला, मान दुखेपर्यंत. कमानींवरच्या गच्चीला पूर्वी कौलारू छप्पर होतं, ते १८७७ च्या डागडुजीत काढलं.

दरवाजातल्या एका कोनाड्यात दिवा तेवत असतो. गोष्ट अशी सांगतात की लक्ष्मी शहर सोडून निघाली होती, कोतवाल ख्वाजा सिद्दिकीने तिला ओळखलं आणि म्हणाला, मी सुलतानाची परवानगी घेऊन येतो, तोवर इथून हलू नका. देवीने शब्द दिला. कोतवालाने जाऊन स्वतःचं डोकं उतरवलं, म्हणजे तो परत येणार नाही आणि ती जाणार नाही. तो दिवा लक्ष्मीचा, आणि त्यात तेल घालतं एक मुसलमान कुटुंब, पिढ्यान्‌पिढ्या. गोष्ट खरी की खोटी यात मी पडत नाही. समोरच्या दुकानदारांना मात्र तिची खात्री आहे, शटर वर करण्याआधी हात जोडताना बघितलेत मी.

आणि तुम्ही विचारलेला लेख. आहे. १० ऑक्टोबर १८१२ ची तारीख, अक्षरं देवनागरी. मराठ्यांचा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याचा हुकूम. मतलब असा की बापाच्या मालमत्तेतला मुलीचा वाटा काही खळखळ न करता तिला द्यावा, ही विश्वनाथाची आज्ञा. जो मोडेल त्याने हिंदू असेल तर महादेवाला आणि मुसलमान असेल तर अल्लाला, रसूलला जाब द्यावा. सहज वाचता येईल अशी अपेक्षा ठेवू नका. मोबाईलचा दिवा समोरून न मारता बाजूने तिरका धरा, म्हणजे अक्षराच्या कडेला सावली पडते आणि ओळ उठून दिसते. जुनी दस्तऐवजं वाचणाऱ्या माणसाची ही एक युक्ती, फुकट देतो.

त्या दगडासाठी म्हणून जा. बाकी कमानी जगात पुष्कळ आहेत.

मडगावची शिवणवाली

काकांनी इतिहास सांगितला, आता मी कामाचं बोलते. मी कपडे शिवते आणि माल आणायला तिकडे जाते.

दरवाजातून पुढे गेलात की जामा मशीद, तिच्या पलीकडे बादशाह नो हजीरो म्हणजे अहमदशहाची कबर, आणि समोर राणी नो हजीरो, त्याच्या राण्यांच्या कबरी. कबरी आतल्या चौकात आणि बाहेर भिंतीला लागून चणियाचोळ्या टांगलेल्या, आरसे, कवड्या, गोंडे, काळ्या पडलेल्या धातूचे दागिने. पहिल्यांदा जाणाऱ्याला विचित्र वाटतं. मला वाटतं राण्यांना आवडलंच असतं. नवरात्राच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसते, डिसेंबरात भाव करायला दुकानदाराला वेळ असतो. तुमची वेळ चांगली आहे.

भाव करताना आधी किंमत विचारायची नाही. आधी दोन-तीन नग खाली काढायला लावायचे, उलटे करून आतली शिवण बघायची. आपल्याला शिवण कळते असं दिसलं की तोंडातून निघणारा पहिलाच आकडा कमी असतो. निम्म्याला मागा वगैरे सल्ले जुने झाले, ते त्यांनाही माहीत असतात.

साधं कापड घ्यायचं तर ढालगरवाड. दरवाजापासून जवळच. बांधणी सासूबाईंना ताणून दाखवा म्हणावं. खरी बांधणी गाठी सोडल्यावरही चुरगळलेली राहते, ठिपक्यांच्या जागी कापड फुगून वर आलेलं असतं, आणि दोन ठिपके सारखे नसतात. सगळे ठिपके शिस्तीत एका मापाचे आणि कापड इस्त्री केल्यासारखं सपाट असेल तर ती छापलेली. छापलेली घेऊ नये असं नाही, पण छापलेलीचा भाव द्यावा. ब्लाउजसाठी मशरू मिळालं तर सोडू नका. वरून रेशीम, अंगाला लागतं ते सूत. आपल्या घामाच्या हवेत त्याच्यासारखं कापड नाही.

संध्याकाळी थांबणार असाल तर माणेकचौक. दिवसा तिथे सराफांची दुकानं, ती बंद झाली की त्याच जागी रात्री खाण्याच्या गाड्या लागतात. सासऱ्यांना सांगू नका, पण ग्वाल्हेर डोसा नावाचा लोण्यात बुडवलेला प्रकार खाऊन माझे यजमान आठवडाभर मासळीचं नाव विसरले होते.

वास्कोचा वाचक

कारकूनकाका, लेखाबद्दल एक शंका. १८१२ म्हणजे मराठ्यांचा अंमल संपत आलेला. १७५३ ला रघुनाथराव आणि दमाजी गायकवाडांनी शहर घेतलं, मग पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटणी, मध्ये इंग्रजांनी जिंकून परत दिलं, आणि १८१७-१८ ला कायमचं इंग्रजांकडे. असल्या धामधुमीत एका सुभेदाराने दगडावर हुकूम कोरला म्हणून मुलींना वाटे मिळाले असं थोडंच? आणि दगडावर कोरावं लागतं ते बहुधा कोणी ऐकत नसतं म्हणूनच. "येथे कचरा टाकू नये" ही पाटी कुठे असते ते आपल्याला माहीत आहे.

फोंडेकरीण

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना बांधणीचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला, त्या आत्तापासून जुन्या साड्या ताणून बघतायत.

वास्कोच्या वाचकांचा मुद्दा पटतो. पण मला त्या लेखात जाब मागायची पद्धत आवडली. राजाची शिक्षा नाही, दंड नाही, ज्याने त्याने आपापल्या देवाला उत्तर द्यायचं. काका, तुम्ही जन्मभर वाटण्यांचीच कागदपत्रं बघितलीत ना? तुम्हाला तो दगड एवढा का लागला?

डिचोलीचा कारकून

वास्कोवाल्यांनी जे लिहिलं ते बरोबरच आहे. कोणी ऐकत नव्हतं म्हणूनच कोरला. चिमणाजीपंतांच्या हुकुमाने किती मुलींना शेत मिळालं याचा हिशेब माझ्याकडे नाही.

पण आपल्याकडे काय आहे ते मला माहीत आहे. पोर्तुगिजांचा १८६७ चा दिवाणी कायदा गोव्यात १८७० पासून लागू. त्यात मुलगा-मुलगी फरक नाही. आईबापाच्या मालमत्तेचा निम्मा भाग मुलांसाठी राखीव, त्यात सगळ्यांना सारखा वाटा, मृत्युपत्र करून तो कोणाला डावलता येत नाही. २०१६ च्या डिसेंबरात नवा वारसा कायदा लागू झाला, तरी हे तत्त्व तेच राहिलं. उरलेल्या देशात हिंदू मुलीला वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळायला २००५ साल उजाडलं, काही राज्यांनी जरा आधी दिला, महाराष्ट्राने १९९४ ला. म्हणजे कागदावर आपण पुष्कळ पुढे.

आता कागदाच्या मागचं सांगतो. मी म्हापशाला एका वकिलांकडे कारकून होतो. हक्क सोडण्याचे दस्त किती टाइप केले ते मोजलं नाही, पण टाइपरायटरची फीत त्यातच झिजली. चार बहिणी, एक भाऊ. बहिणी नटूनथटून यायच्या, कारण त्या निमित्ताने सगळ्या एकत्र जमायच्या. आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात, म्हणून जावयांचीही सही लागते. ते बाहेर स्कूटरला टेकून उभे. वकील वाचून दाखवायचे, तुम्ही स्वखुशीने सोडता ना? त्या हसून हो म्हणायच्या. मोबदला बहुधा काही नाही. एकीला मी हळूच विचारलं, तेव्हा ती म्हणाली, वाटा मागितला तर चवथीचं वजें कोण आणणार? वजें म्हणजे गणेशचतुर्थीला भावाने बहिणीकडे न्यायची भेट. एक नारळाची, करंज्यांची टोपली एका पारड्यात आणि शेताचा तुकडा दुसऱ्या पारड्यात, आणि टोपली जड.

तिला मी काय सांगणार होतो? माझ्या स्वतःच्या बहिणीने नावेलीला लग्न झाल्यावर वाटा मागितला, तेव्हा गावात दोन वर्षं तिच्याबद्दल बोललं गेलं. आम्ही इन्व्हेंतार, म्हणजे कोर्टातून वारसांची वाटणी, घातली, तिला वरच्या अंगाची काजूची जमीन आली, मला घर. चवथीला मी वजें घेऊन जातो, ती अजून म्हणते, करंज्या कडक झाल्यात.

म्हणून तो दगड. दुकानं उघडायच्या वेळेला मी तिथे उभा असतो आणि बायका त्याच्याजवळून दुधाच्या पिशव्या घेऊन जातात. दिव्याला नमस्कार सगळ्या करतात. दगडाकडे कोणी बघत नाही, त्यांची चूक नाही, तिथे नीट पाटीच नाही की हे काय आहे. एकदा मी एका चप्पलवाल्या बाईला सांगितलं, यावर असं असं लिहिलंय. ती म्हणाली, "लिखा है तो भाई को दिखाओ, मुझे क्या दिखाते हो."

वास्कोचा वाचक

ती चप्पलवाली माझ्यापेक्षा नेमकं बोलली.

दिवाडकर

कारकूनभाव, माझा विरोध मागे. पण परत आलात की व्हाइसरॉयच्या कमानीखाली या, सोडा मी घरून आणतो.

फोंडेकरीण

काका, सासूबाईंनी तुमचं उत्तर दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, आधी दगड, मग बांधणी. त्यांच्या माहेरची सही कुठल्या साली झाली होती ते त्यांना तारखेसकट आठवतं, हे मला लग्नाला एवढी वर्षं होऊन आज कळलं.

शेवटचा प्रश्न. आमचा मोकळा दिवस शुक्रवार येतोय. चालेल?

डिचोलीचा कारकून

चालेल, फक्त जामा मशीद दुपारच्या नमाजाच्या आधी उरकून घ्या. दरवाजापासून पायी काही मिनिटं. १४२४ सालची आहे, आत २६० खांब, वर १५ घुमट. तिचे मिनार १८१९ च्या भूकंपात गेले, बुडखे तेवढे उरलेत. दरवाजाच्या खांबांवरची कोरणी आणि या बुडख्यांवरची कोरणी लागोपाठ बघितलीत तर मी वर म्हणालो ते लगेच ध्यानात येईल. डोकं झाकायला ओढणी असू द्या. नमाजाच्या वेळेला तुम्ही हजीऱ्याकडे खरेदीत असाल, म्हणजे कोणाचाच खोळंबा नाही.

मडगावची शिवणवाली

आणि भाचीची कंबर ते घोटा उंची मोजून ने गो. तिथे सगळं "फ्री साइज" म्हणतात, नाडी ओढली की कंबर बसते, पण उंची कमी करायला खालची किनार कापावी लागते आणि आरशांची ओळ तिथेच असते. नाहीतर मग ते काम माझ्याकडे येईल.